तळ दिसला की उतर

माझ्या सासऱ्यांना आयुष्यात एकच वाक्य सुचलं आणि तेच त्यांच्या मुळावर आलं. "तळ दिसला की उतर." आमच्याकडे मूल बोलायला लागलं की आधी आईला हाक मारतं आणि पाठोपाठ हे वाक्य म्हणतं. सासरे नगरपालिकेत पोहणं शिकवायचे. नदीच्या पायऱ्यांशेजारी त्यांची लाकडी टपरी, टपरीत दोर आणि एक लांब काठी, आणि टपरीबाहेर छाती पुढे काढून ते स्वतः. सगळे त्यांना वस्ताद म्हणतात, घरात आम्ही बाबा म्हणतो. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, पण टपरीची किल्ली त्यांनी परत केलेली नाही. मागायची हिंमतही कुणाला होत नाही, कारण नगरपालिकेतल्या जवळजवळ प्रत्येकाला त्यांनी कधी ना कधी मानगूट धरून पाण्यात घातलेलं आहे.

माणूस गोड आहे असं मी म्हणणार नाही. जेवताना कुणाला ठसका लागला तर ते पाणी पुढे करत नाहीत. "श्वास कुठे सोडायचा ते कळत नाही," एवढं म्हणतात आणि स्वतःचं जेवण चालू ठेवतात. लग्न होऊन मी ह्या घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "पोहता येतं?" मी नाही म्हटलं. त्यांनी मुलाकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू त्यानं दुकानातून फुटकी कपबशी उचलून आणली होती. पुढे मला शिकवायचा त्यांनी फार प्रयत्न केला आणि शेवटी हात टेकले. त्यांच्या हाताखालून कोरडी सुटलेली मी एकटीच.

आता त्या वाक्याबद्दल. वादळी पाऊस झाला की नदी गढूळ होते, फांद्या, ओंडके, कुणाच्या तरी अंगणातल्या खुर्च्या घेऊन येते. तेव्हा उतरायचं नाही. गाळ खाली बसला, शेवटच्या पायरीखालची खडी दिसायला लागली, की नदी पुन्हा आपली. ह्यात समजायला अवघड काही नाही आणि वाक्य खरंच होतं. ते खोटं झालं तेव्हा कुणी आम्हाला कळवलं नाही, आणि माझी तळपायाची आग मस्तकात जाते ती इथेच.

गावाच्या वरच्या अंगाला, बसनं गेलं तर एका डुलकीच्या अंतरावर, धरण आहे. पूर्वी वादळानंतर धरणाचे वरचे दरवाजे उघडायचे. वरून पाणी सुटायचं, ते उन्हाळाभर ऊन खाल्लेलं, कोमट. मग धरणाची दुरुस्ती निघाली आणि भिंतीच्या पायाशी एक नवा दरवाजा बसवला. वादळ ओसरलं की तो उघडायचा, आतलं पाणी कमी करायचं आणि पुढच्या वादळासाठी जागा करून ठेवायची. काम शहाणपणाचं. त्याचा खाली राहणाऱ्यांना काय हिसका बसेल, एवढंच सांगायचं राहून गेलं.

तो हिसका पहिल्यांदा बसला बेकरीवाल्याला. बेकरीवाला म्हणजे वस्तादांचा सगळ्यात जुना चेला, पिपासारखा माणूस, पहाटेपासून भट्टीसमोर भाजून निघतो आणि दुपारी नदीत निवतो. त्या वर्षी ऐन उन्हाळ्यात वादळ झालं, नदी लाल झाली, मग हळूहळू निवळली. ऊन तर असं की पायरीवर अनवाणी पाय ठेवता येईना. बेकरीवाल्यानं टॉवेल खांद्यावर टाकून विचारलं, "काय वस्ताद?" वस्तादांनी पाण्याकडे पाहिलं. खडी दिसत होती, एकेक खडा मोजून घ्यावा इतकी. "जा, उतर," ते म्हणाले.

बेकरीवाल्यानं सूर मारला आणि वर आला तो तोंड उघडं ठेवून. आवाज नाही. हात हलत होते, पण पोहण्याचे नव्हते. वस्तादांना वाटलं मस्करी करतोय. मग त्यांनी काठी घेतली आणि त्याला ओढून काढलं. त्याचे ओठ निळे पडले होते, दात वाजत होते, आणि तो एवढंच म्हणत होता, "श्वासच येईना वस्ताद, छातीवर कुणीतरी बसलं." वस्तादांनी पाण्यात हात घातला आणि लगेच बाहेर काढला. वर आग ओकणारं ऊन आणि खाली बर्फाचं पाणी.

त्यानंतर कित्येक दिवस ते घरात म्हणत राहिले की वरती गारा पडल्या असणार. गारा कुणी पाहिल्या नव्हत्या. बेकरीवाल्याची बायको तर त्यांना तोंडावर म्हणाली, "गारा तुमच्या डोक्यात पडल्यात. तुम्ही उतर म्हणालात म्हणून तो उतरला." पण त्यांनी गारांचा हट्ट काही सोडला नाही. पुढचं वादळ आलं, नदी लाल झाली, निवळली, आणि पुन्हा तशीच गार पडली, तेव्हा कुठे म्हणाले, "सूनबाई, उद्या दुकान बंद ठेव. धरणावर जायचंय."

माझं छपाईचं छोटं दुकान आहे. पत्रिका, पाट्या, पावत्या असलं काम. मला कशाला नेता असं विचारलं तर म्हणाले, "मी चिडलो की शर्ट ओढायला."

शर्ट ओढायची वेळ आली नाही, कारण तिथली इंजिनीअर बाई भली निघाली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि आम्हाला धरणाच्या भिंतीतल्या बोगद्यात घेऊन गेली. बाहेर अंगाची लाही होत होती आणि आत पायऱ्या उतरत जाऊ तसा काटा येत होता. अगदी खाली एक जाडजूड पाइप होता. त्यावर घाम सुटल्यासारखे थेंब. तिनं बाबांना हात ठेवायला सांगितलं. त्यांनी ठेवला.

"हेच," ते म्हणाले. "हेच पाणी."

"वरचं पाणी उन्हानं तापतं काका, हलकं होतं आणि वरच राहतं," बाई म्हणाली. "खालचं थंड आणि जड. उन्हाळाभर ती दोन एकमेकांत मिसळत नाहीत."

"म्हणजे काय, बिऱ्हाडं आहेत का? वरच्या मजल्यावरचे वर आणि खालच्या मजल्यावरचे खाली?"

"अगदी तसंच. आणि वादळानंतर आम्ही खालच्यांना घराबाहेर काढतो."

बाबा हसले नाहीत. "मग वरच्यांना काढा."

"वरचे दरवाजे एका पातळीपर्यंतच काम करतात. त्याखाली पाणी उतरवायचं तर हाच एक दरवाजा. आणि उतरवलं नाही, वर दुसरं वादळ आलं, तर तुमच्या पायऱ्याच काय, बेकरीसुद्धा पाण्याखाली जाईल."

तिचं सगळं बरोबर होतं. मी आयुष्यात पुष्कळ सरकारी माणसांशी भांडले आहे, पण समोरचा बरोबर असला की भांडायला जी काही चीड लागते तिचं करायचं काय, हे मला अजून कळलेलं नाही.

"मग भोंगा वाजवा," बाबा म्हणाले.

"भोंगा पाण्याची पातळी वाढणार असेल तेव्हाच वाजतो. आणि हा दरवाजा उघडतो तेव्हा वरचे बंद झालेले असतात. नदीची पातळी वाढत नाही, उलट उतरते."

म्हणजे बघा. पूर येतो तेव्हा भोंगा वाजतो आणि पुरात तसंही कुणी उतरत नाही. पूर जातो, नदी शांत होते, हिरवी नितळ होते, आणि नेमकी तेव्हा ती घातकी असते. त्या वेळेसाठी काही नाही. निघताना बाई म्हणाली, "मी तुम्हाला फोन करत जाईन. दरवाजा उघडायच्या आधी." आणि खरंच करायची. तो एक उन्हाळा बरा गेला. फोन आला की बाबा पायऱ्यांवर दोर बांधायचे, लोक कुरकुरायचे, पण फोन धरणावरून आलाय म्हटल्यावर ऐकायचे.

मग बाईंची बदली झाली. नव्या साहेबांना मी फोन लावला. ते अतिशय नम्रपणे बोलले आणि त्या नम्रपणानंच माझ्या नाकी नऊ आणले. फोन करायचा असं त्यांच्या कामकाजात कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहून आणायचं तर नगरपालिकेनं मागणी करायला हवी. मी नगरपालिकेत गेले. तिथले मुख्याधिकारी वस्तादांचेच चेले. "अहो, वस्तादांना मी नाही म्हणेन का?" म्हणाले आणि नाही म्हणाले. मागणी करायची म्हणजे पायऱ्या धोक्याच्या आहेत हे मान्य करायचं. ते मान्य केलं की पायऱ्या बंद करायच्या. बंद केल्या की लोक तरणतलाव मागणार. तरणतलावाला जागा नाही. घोडं पेंड खात होतं ते इथे. शेवटी नगरपालिकेनं माझ्याच दुकानातून एक पाटी छापून घेतली, "नदीत आपापल्या जबाबदारीवर उतरावे". मी खाली बारीक अक्षरात थंड पाण्याबद्दल एक ओळ घातली होती. ती त्यांनी खोडायला लावली.

पण खरा वैताग धरणाचा नव्हता, नगरपालिकेचाही नव्हता. खरा वैताग गावाचा होता.

फोन बंद झाल्यावर बाबा स्वतः पाण्यात हात घालून बघू लागले आणि गार लागलं की पायऱ्यांवर उभं राहून ओरडू लागले, "आज नाही. कुणी उतरायचं नाही." आणि लोक काय म्हणायचे? शाळेच्या मुख्याध्यापिका, ज्यांना ह्यांनी फ्रॉकच्या वयात पोहायला शिकवलं, त्या चष्मा काढून पाण्याकडे बोट दाखवायच्या. "वस्ताद, खडी दिसतेय की. तळ दिसला की उतर, तुम्हीच नाही का शिकवलंत?" औषधवाला म्हणायचा तेच, पोस्टातली बाई म्हणायची तेच. बाबा जीव तोडून सांगायचे की ते वाक्य आता चालत नाही, धरणाला खाली भोक पाडलंय, पाणी तळघरातलं येतं. लोक मान डोलवायचे आणि एकमेकांकडे बघून डोळे मिचकावायचे. वस्तादांचं वय झालं. आयुष्यभर एक सांगितलं आणि आता उलटं सांगतायत.

त्यांनी नवं वाक्यही काढलं. "आधी हात घाल, मग पाय." कुणाच्याही तोंडी बसलं नाही. माझ्या नवऱ्यानं, त्यांच्या सख्ख्या मुलानं, जेवताना त्यांना सुनावलं. "बाबा, जुनं वाक्य सोपं होतं. लोकांना सोपं लक्षात राहतं."

"सोपं होतं म्हणजे काय? मी ते चाळीस वर्षं लोकांच्या डोक्यात ठोकलंय," बाबा म्हणाले. "ठोकताना सोपं नव्हतं. आता उपटून निघत नाही."

"मग लोक आपले आपण शिकतील."

"कसे? बुडून?"

मला त्या दोघांचाही राग आला, आणि खरं सांगायचं तर गावाचाही, कारण औषधवाल्याची लेक तेव्हा नुकतीच पोहायला लागली होती. काड्यापेटीतल्या काडीएवढा जीव. बेकरीवाल्यासारख्या पिपाला ज्या पाण्यानं मुकं केलं, त्यात तिचं काय झालं असतं, हे मला पाटी छापताना, जेवताना, केस विंचरताना डोळ्यांपुढे यायचं. बाबांनाही येत असणार. ते बोलायचे नाहीत, पण वादळ झालं की त्यांची जेवणावरची वासना उडायची.

गेल्या उन्हाळ्यातलं मोठं वादळ तुम्हाला आठवत असेल, ज्यात शाळेचं छप्पर उडालं. नदी दोन दिवस लाल वाहिली. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं, भाजून काढणारं. मी सकाळीच धरणावर फोन लावला. नव्या साहेबांनी नम्रपणे सांगितलं की होय, खालचा दरवाजा उघडला आहे, उद्यापर्यंत उघडा राहील. "आणि हे तुम्ही आपण होऊन का नाही कळवलं?" असं विचारलं तर म्हणाले, "तुम्ही विचारलंत की सांगितलंच ना."

बाबांना सांगायला गेले तर ते घरात नव्हते. दुकान उघडं टाकून मी पायऱ्यांकडे पळाले. सगळा गाव तिथे जमला होता, शाळा बंद असल्यामुळे पोरंसोरंसुद्धा. पण जवळ गेले तर सगळे बसलेले. टॉवेल खांद्यावर, पाय पायरीवर, चेहरे वैतागलेले. पाण्यात कुणीच नव्हतं. औषधवाल्याची लेक बापाच्या मांडीवर ठोसे मारत होती.

"उतरला नाहीत?" मी विचारलं.

"कसं उतरणार?" मुख्याध्यापिका म्हणाल्या. "अजून गढूळ आहे. बघा की."

मी पाहिलं. खरंच गढूळ होतं. पायऱ्यांशेजारून, काठाकाठानं, चहाच्या रंगाचा एक पट्टा येत होता. पण नदीच्या मध्यावर पाणी हिरवं नितळ होतं. सगळ्यात वरच्या पायरीवर बेकरीवाला बसला होता. हल्ली तो पाण्यात उतरत नाही, नुसता बसतो. त्यानं मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाला, "वरच्या वळणावर जा. आणि कुणाला बोलू नकोस."

वळणापलीकडे झुडपं आहेत, पायऱ्यांवरून तिकडचं दिसत नाही. पुरानं तिथे गाळाचा मोठा ढीग आणून टाकला होता. त्या ढिगाशेजारी, गुडघ्याच्या वर पाण्यात, बाबा उभे होते. पँट वर दुमडलेली. हातात तीच काठी, बेकरीवाल्याला काढलेली. ती गाळात खुपसायची, फिरवायची, पुन्हा खुपसायची. गाळ उठत होता आणि काठाला धरून खाली, पायऱ्यांकडे, वाहत होता.

"काय करताय बाबा?"

"दिसत नाही? नदी घाण करतोय."

"बाहेर या आधी. पाय बघा कसे झालेत."

"पायांना काही कळत नाही आता, बरंय," ते म्हणाले. "फोन लावलास?"

"लावला. दरवाजा उद्यापर्यंत उघडा आहे."

"मग उद्यापर्यंत." त्यांनी काठी पुन्हा खुपसली. त्यांचा आवाज कापत होता, थंडीनं की रागानं ते मला कळलं नाही. "त्यांना पाणी ओळखायला मी शिकवलं. सगळ्यांना. आणि आता त्यांच्यापासून पाणी लपवत बसलोय. चोरासारखा. काय जन्म आहे, सांग मला."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही मला राग आला.

तेवढ्यात खालून, पायऱ्यांवरून, मुख्याध्यापिकांची हाक आली. ह्या बाईंचा आवाज शाळेच्या मैदानभर पोचतो. "वस्ताद! कुठे आहात? अजून किती वेळ?"

बाबा ताठ झाले. छाती पुढे आली. टपरीबाहेर उभे असायचे तसा आवाज लागला. "खडी दिसतेय का?"

"नाही!"

"मग मी काय शिकवलंय?"

पायऱ्यांवरून सगळ्यांनी एका सुरात ते वाक्य म्हटलं, मोठ्यांनी आणि पोरांनी, आणि वर कुणीतरी हसलं. औषधवाल्याच्या लेकीचा बारीक आवाज सगळ्यात शेवटी आला. बाबांनी ऐकून घेतलं. मग बाहीनं तोंड पुसलं आणि पुन्हा ढवळायला वाकले, पण काठी हातातून सुटली. ती उचलायला गेले तर गुडघे वाकेनात. मी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना काठावर ओढलं आणि बसवलं. पायांचा रंग मेणासारखा झाला होता. मी ओढणीनं ते चोळायला लागले तर त्यांनी माझा हात झटकला.

"माझं राहू दे. ते बघ."

काठाचा पट्टा फिका व्हायला लागला होता. थोड्या वेळात पायऱ्यांपाशी खडी दिसली असती.

मी चपला काढल्या, काठी घेतली आणि उतरले. पाणी गुडघ्यांपर्यंत आलं आणि माझा श्वास आतच अडकला. छातीवर कुणीतरी बसलं. तोंड उघडं, आवाज नाही. बेकरीवाला काय सांगत होता ते मला त्या क्षणी कळलं, आणि वळून काठाकडे पळावंसं वाटलं.

"सोड," मागून बाबा म्हणाले. "आधी श्वास बाहेर सोड. मग ढवळ."